क्लॅरिनेटची पत्ती आणि वाद्याची निवड

शाळेच्या बँडमध्यें क्लॅरिनेट वाजविणाऱ्या मुलाचा सूर फाटूं लागला, कीं "हें वाद्य जुनें झालें, नवें घेऊन द्या" अशी मागणी घरीं सुरू होते. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण अशा वेळीं वडीलधाऱ्यांना आठवते; परंतु ती येथें सर्वस्वीं लागू पडत नाहीं. अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें. मात्र तें बहुधा वाद्यांत नसून वाद्याच्या तोंडाशीं बांधलेल्या एका लहानशा पत्तींत असतें. म्हणून खर्च कोणत्या क्रमानें करावा, ह्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

बाजाच्या पेटींतील सूर पितळेचे असतात; सनईची पत्ती दुहेरी असते; क्लॅरिनेटची पत्ती एकेरी असून ती अरुंडो डोनॅक्स नांवाच्या, नळाच्या जातीच्या उंच गवतापासून करितात. फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्हार प्रांतांतील नळ ह्या कामीं प्रसिद्ध आहे. सुमारें दोन वर्षें वाढलेला नळ तोडून वाळवितात आणि तासून त्याचें टोंक मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकें पातळ करितात. फुंकरीनें हें टोंक कंप पावतें, नळींतील हवा त्यास साथ देते आणि स्वर उमटतो. पत्ती बिघडली, कीं उत्तम वाद्यही मुकें होतें, तें ह्यामुळेंच.

पत्तीवरील आंकडा साधारणतः १ पासून ५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या फरकानें असतो. हा आंकडा जाडीचा नव्हे, ताठपणाचा होय. मोठा आंकडा म्हणजे मोठा वादक, ही समजूत चुकीची आहे. नवशिक्यानें २ किंवा २½ ची पत्ती घ्यावी. लहान मुलाच्या तोंडीं ताठ पत्ती दिली, तर स्वराऐवजीं वाराच निघतो, जबडा दुखतो आणि "हें आपल्याला जमणार नाहीं" असें मानून मूल वाद्य खालीं ठेवतें. एवढी मोठी हानि एवढ्याशा पत्तीनें होऊं नये. निरनिराळ्या कारखान्यांचे आंकडे तंतोतंत जुळत नाहींत, हेंही ध्यानांत असावें.

तीन-चार पत्त्या जवळ ठेवून त्या आळीपाळीनें वापराव्या. वाजविण्यापूर्वीं पत्ती मिनिटभर भिजवावी. नंतर पुसून सपाट डबींत ठेवावी. टोंक फुटलेली पत्ती टाकून द्यावी, आणि दुसऱ्याची पत्ती तोंडांत घालूं नये. आतां कृत्रिम पत्त्याही मिळतात. त्या महाग असल्या तरी पुष्कळ टिकतात व भिजवाव्या लागत नाहींत. ह्यांखेरीज आंतील ओल पुसण्यास मऊ फडकें आणि सांध्यांच्या बुचास लावण्याचें वंगण, एवढें साहित्य नवशिक्यास पुरतें.

पत्ती चांगली असूनही सूर सुधारला नाहीं, तर एबोनाइटची चांगली मुखनळी घ्यावी. नव्या वाद्याहून हा खर्च बराच कमी, परंतु फरक मोठा पडतो.

वाद्य बदलण्याची पाळी सर्वांच्या शेवटीं येते. जुनें वाद्य घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, चाव्यांची रचना. न्यूरेंबर्गच्या डेनर यांनीं सन १७०० च्या सुमारास हें वाद्य सिद्ध केल्यापासून चाव्यांत पुष्कळ बदल झाले. आज बहुतेक ठिकाणीं शिकविली जाणारी बोम पद्धत १७ चाव्यांची व ६ कड्यांची असते. दुसरी गोष्ट पट्टी. जुन्या लष्करी बँडांतील कित्येक वाद्यें चढ्या पट्टीचीं असत. आजच्या ४४० कंपनांच्या पट्टींत तीं कधींच मिळत नाहींत. तिसरी गोष्ट गाद्या. एक खंड घेऊन भोंकें बोटांनीं झांकावीं, खालचें तोंड तळहातानें बंद करावें व वरून हवा ओढावी. ओढ टिकली तर गाद्या शाबूत आहेत असें समजावें.

उत्तम क्लॅरिनेट टांझानिया व मोझांबिक येथील काळ्या, जड लांकडाचीं असतात. परंतु ओल व उष्णता एकाएकीं बदलल्यास लांकूड तडकतें. म्हणून नवें लांकडी वाद्य प्रथम कांहीं आठवडे रोज थोडाच वेळ वाजवावें. शाळकरी मुलास प्लॅस्टिकचें वाद्य पुष्कळ वर्षें पुरतें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आधीं पत्ती, मग मुखनळी व शेवटीं वाद्य, हा क्रम पाळाल, तर वडिलांचा पैसा वांचेल. आणि ज्या दिवशीं खरोखरच नवें वाद्य मागाल, त्या दिवशीं तुमचें मागणें रास्त आहे हें तुमचा सूरच त्यांना पटवील.