हसवणाऱ्याचं दुसरं रूप

लक्ष्मीकांत बेर्डे हे नाव घेतलं की आधी हसूच येतं. 'टूरटूर' नाटकानं तो लोकांपुढे आला, 'धूमधडाका'नं (१९८५) पडद्यावर स्थिरावला आणि 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) साडी नेसून 'पार्वती' झाला. 'मैंने प्यार किया'मुळे (१९८९) हिंदीतही पोहोचला. आपल्यासाठी मात्र तो 'लक्ष्या'च राहिला.

त्याचा विनोद शब्दांत कमी, घाबरण्यात जास्त. 'झपाटलेला' (१९९३) आठवा. तात्या विंचूचा आत्मा शिरलेला बाहुला समोर आहे आणि याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तो विनोद करायला जात नाही, खरंच घाबरतो. म्हणून आपण हसतो.

हाच खरेपणा त्यानं आदल्या वर्षी 'एक होता विदूषक'मध्ये दुःखासाठी वापरला होता. लेखन पु. ल. देशपांडे यांचं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचं. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा नट होतो, राजकारणापर्यंत जातो आणि आतून रिकामा होत जातो. मी हसायला म्हणून गेलो होतो. 'हा आपला लक्ष्या नव्हे' म्हणत मध्यंतरालाच उठलो. पुढे त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आम्हा प्रेक्षकांना मात्र त्याच्याकडून हसूच हवं होतं.

१६ डिसेंबर २००४ रोजी, अवघ्या पन्नाशीत, तो गेला. त्यानंतर मी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. टीव्हीवर त्याचे विनोदी चित्रपट अजून लागतात, नातवंडंही हसतात. त्यांना एकदा हाही दाखवा. आणि मध्यंतराला उठू नका.