गोदामाच्या बांधकामातील तंटे व त्यांची सोडवणूक

विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचे गोदाम म्हणजे गावाच्या सामाईक भांडवलाची वास्तू होय. तिचे बांधकाम तंट्यात सापडले, तर छपराविना भिंती उभ्या राहतात, धान्य पावसात सापडते आणि कर्जावरील व्याज मात्र थांबत नाही. असे तंटे केवळ लबाडीमुळे होतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पुष्कळदा सोसायटी व कंत्राटदार या दोघांचेही म्हणणे काही अंशी खरे असते; परंतु कोणाचे किती खरे, हे ठरविण्यास लागणारा कागदच नसतो.

तंट्याची फोड

“काम निकृष्ट, उशिरा व महाग झाले,” अशी एकत्र तक्रार कोणासही तपासता येत नाही. यास्तव प्रथम वाढीव काम, मुदत व दर्जा असे तिचे तीन भाग करावेत. प्रत्येक भागासाठी करारात काय ठरले, प्रत्यक्षात काय घडले, पुरावा कोणता व रक्कम किती, असे चार रकाने आखावेत. हा तक्ता तयार झाला की निम्मा तंटा आपोआप उलगडतो.

वाढीव काम

काळी जमीन ओलाव्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. समजा, नकाशात खोली दीड मीटर धरली आणि मुरूम अडीच मीटरवर लागला. कंत्राटदार जादा एक मीटरचे पैसे मागतो; सोसायटी म्हणते, लेखी हुकूम नव्हता. अशा वेळी करारातील वाढीव कामाची अट प्रथम पाहावी. अशी अट नसल्यास भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ७० विचारात येते. फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कायदेशीर कामाचा लाभ ज्याने घेतला, त्यास मोबदला द्यावा लागतो, असे ते सांगते. तेव्हा निविदेपूर्वीच खड्डे खणून जमीन पाहावी आणि पाया भरण्याआधी मोजमाप वहीत उभयतांच्या सह्या घ्याव्यात. बुजलेला पाया पुन्हा सहज मोजता येत नाही.

मुदत व दंड

समजा, काम मे अखेर पुरे व्हावयाचे होते. ते जुलै अखेर झाले. त्यांपैकी एक महिना सोसायटीने जागा उशिरा दिल्यामुळे व एक महिना गवंडी न मिळाल्यामुळे गेला. येथे दोन्ही महिन्यांचे खापर कंत्राटदारावर फोडता येत नाही. तसेच करारात लिहिलेली दंडाची संपूर्ण रक्कम आपोआप मिळते असेही नाही. कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असून तीत वाजवी भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. म्हणून दुसरीकडे भाड्याने घेतलेल्या गोदामाच्या पावत्या जपाव्यात. वेळ हा कराराचा गाभा असेल, तर उशिराचे काम स्वीकारतेवेळीच भरपाईची नोटीस द्यावी; अन्यथा कलम ५५ अन्वये तो हक्क जातो.

दर्जा

काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी नोंदवून ठेवावी. दोष आढळल्यास छायाचित्रे घ्यावीत, कंत्राटदारास तो दाखवावा व दुरुस्तीची लेखी संधी द्यावी. परस्पर पाडून टाकलेल्या भिंतीचा दोष नंतर सिद्ध करणे कठीण जाते.

लवाद

समेट न झाल्यास करारात लवादाचे कलम आहे काय, ते पाहावे. ते असल्यास लवाद व समेट कायदा, १९९६ लागू होतो, व न्यायालयात दावा लावला तरी दुसऱ्या पक्षाच्या वेळीच केलेल्या अर्जावरून प्रकरण सामान्यतः लवादाकडेच पाठविले जाते. सोसायटीचा नोकर वा सल्लागार लवाद नेमण्याची प्रथा २०१५ च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. तंटा उद्भवल्यानंतर उभय पक्षांनी लेखी संमती दिली तरच तो अपवाद होतो. लवादाचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात येतो. त्यास आव्हान देण्याची मुदत तीन महिन्यांची असून पुरेसे कारण असल्यास न्यायालय आणखी फक्त तीस दिवस देऊ शकते. आव्हानाची कारणेही मोजकीच आहेत. म्हणून सर्व पुरावा लवादापुढेच मांडावा.

सबुरीची मर्यादा

केलेल्या कामाच्या पैशांची मागणी साधारणतः तीन वर्षांत करावी लागते. बोलणी चालू आहेत या भरवशावर मुदत जाऊ देऊ नये. मुदत संपण्यापूर्वी देणे मान्य असल्याचा सहीचा कागद मिळाला, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. प्रकरण मोठे असल्यास वकील व स्थापत्य अभियंता या दोघांचाही सल्ला घ्यावा. कारण एकास कायदा कळतो, दुसऱ्यास भिंत.

तथापि हे सर्व नंतरचे उपाय होत. काम चालू असताना दर पंधरवड्यास सोसायटीचे सचिव व कंत्राटदार यांनी एकत्र बसून झालेले काम, अडलेले काम व अडण्याचे कारण वहीत लिहावे आणि दोघांनी सह्या कराव्यात. या वहीस खर्च जवळजवळ नाही. परंतु तंटा उभा राहिलाच, तर सभासदांचा पैसा वाचविणारा पहिला साक्षीदार तीच ठरते.