पगारश्रेणीच्या फायलीने बुडवलेले शहर

बर्मिंगहॅमचे वार्तापत्र

व्हिक्टोरिया चौकातल्या घुमटाच्या दगडी इमारतीतून, म्हणजे ‘कौन्सिल हाउस’मधून, बर्मिंगहॅम शहराचा कारभार चालतो. नगरपालिकेने खासगी गॅस कंपन्या आणि पाणीपुरवठा ताब्यात घेऊन शहराचे भले करावे, हा धडा 1873 ते 1876 या काळातला इथला महापौर जोसेफ चेंबरलेन याने साऱ्या इंग्लंडला घालून दिला. नगर-स्वराज्याचा इतिहास शिकवताना इथले प्राध्यापक अजूनही याच शहराचे नाव आधी घेतात. त्याच शहराच्या कौन्सिलने 5 सप्टेंबर 2023 रोजी ‘कलम 114’ची नोटीस काढली. खर्च उत्पन्नात बसत नाही, तेव्हा कायद्याने जे करावेच लागते त्यापलीकडे नवा खर्च बंद, असा तिचा अर्थ. ब्रिटिश कायद्यात नगरपालिकेचे दिवाळे निघत नाही, पण बोलीभाषेत याला दिवाळेच म्हणतात.

आपल्याकडे अशी बातमी आली की पहिला संशय टक्केवारीवर, ठेकेदारावर, नाही तर बिल्डरवर जातो. इथे मोठा खड्डा पडला तो कर्मचाऱ्यांच्या पगारश्रेणीच्या फायलीत, म्हणजे ज्याला आपण आस्थापना विभाग म्हणू आणि इथे एचआर म्हणतात त्या खात्यात. इंग्लंडमधल्या नगरपालिकेत या खात्याच्या प्रमुखाची खुर्ची किती धगीवर असते, हे बाहेरून आलेल्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही.

आपली महापालिका डोळ्यांसमोर ठेवून इकडे पाहिले तर घोटाळा होतो. आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार पाठवते, आकृतीबंधाला मंजुरी नगरविकास विभाग देतो आणि वेतनश्रेणी वेतन आयोगामागोमाग येते. उपायुक्तांच्या टेबलावर बिंदुनामावली, सेवापुस्तके आणि अनुकंपा नियुक्त्यांची प्रकरणे असतात. कोणत्या कामाची किंमत किती, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये नेमका तोच प्रश्न प्रत्येक कौन्सिलने स्वतः सोडवायचा असतो. मुख्य कार्यकारी अधिकारी जाहिरात देऊन नेमला जातो. 1972 च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार कौन्सिल आपले कर्मचारी आपल्याच अटींवर नेमते आणि 1989 च्या कायद्याने ती नेमणूक गुणवत्तेवरच व्हावी लागते. नगरसेवकांच्या हातात वरच्या मोजक्या अधिकाऱ्यांची निवड तेवढी राहते. खालच्या भरतीत त्यांना नाक खुपसता येत नाही. दरवर्षीची पगारवाढ मालकपक्ष आणि युनिसन, जीएमबी, युनाइट या तीन संघटनांच्या राष्ट्रीय मंडळात ठरते. मात्र कोणते पद कोणत्या पायरीवर बसवायचे, ते ज्या त्या कौन्सिलने ठरवायचे.

ते ठरवण्याच्या रीतीला ‘जॉब इव्हॅल्युएशन’ म्हणतात. माणसाला नव्हे, पदाला गुण द्यायचे. राष्ट्रीय मंडळाच्या पद्धतीत त्यासाठी तेरा निकष आहेत. काय माहीत असावे लागते, हाताचे कसब किती, अंगमेहनत किती, मनावर ताण किती, पैशांची आणि माणसांची जबाबदारी किती, काम थंडी-पावसात करायचे की छपराखाली, असे ते निकष. बेरीज होते आणि पद श्रेणीत जाऊन बसते. शाळेतली स्वयंपाकीण, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणारी काळजीवाहक, कार्यालयाची झाडलोट करणारी, थडगी खणणारा आणि कचरागाडीवरचा कामगार हे सगळे एका मापाने मोजले जातात. ही पद्धत मला मनापासून आवडते. जातीने किंवा रूढीने ज्या कामांना हलके ठरवले त्यांचे खरे वजन काढायचा याहून प्रामाणिक मार्ग मी पाहिलेला नाही. अडचण एवढीच की माप एकदा कागदावर आले की तेच पुढे कोर्टात पुरावा ठरते.

आणि तसेच झाले. 1987 मध्ये देशभरातल्या कौन्सिलांच्या हातकामाच्या पदांचे नव्याने मूल्यमापन झाले. बायकांची कितीतरी कामे पुरुषांच्या कामांच्या श्रेणीत येऊन बसली. मूळ पगार सारखा झाला, पण घरी जाणारे पाकीट सारखे झाले नाही. कचरा, रस्ते, बागा या पुरुषांच्या खात्यांत उत्पादकतेचे बोनस वर्षानुवर्षे चालत आलेले होते. कितीएक ठिकाणी त्यांचा उत्पादकतेशी संबंध केव्हाच तुटला होता. स्वयंपाकघरात आणि वृद्धांच्या घरी बोनस कसला? बर्मिंगहॅममध्ये काही पदांवर हा बोनस मूळ पगाराच्या 160 टक्क्यांपर्यंत पोचत होता. समान वेतनाचा कायदा 1970 चा आहे आणि तो 1975 च्या अखेरीस अमलात आला. त्यातली पळवाट शोधण्यात कौन्सिलांच्या कार्मिक खात्यांनी बरीच बुद्धी खर्च केली. नॉर्थ यॉर्कशायर परगण्याने तर शाळेच्या जेवणाचे कंत्राट खासगी स्पर्धकाकडे जाऊ नये म्हणून आपल्याच स्वयंपाकिणींचा पगार कापला. बाजारभाव तेवढाच आहे, असे समर्थन केले. 1995 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळले आणि बायका जिंकल्या.

1997 मध्ये मालकपक्ष आणि संघटनांनी ‘सिंगल स्टेटस’ करार केला. हातकामाचे आणि कार्यालयीन कर्मचारी असा जुना भेद मोडून सगळ्यांना एकाच पगाररचनेत आणायचे ठरले. कराराला पैसा लागणार होता आणि केंद्राने तो दिला नाही. शिवाय बायकांना वर आणायचे तर पुरुषांचा बोनस तरी काढायचा किंवा सर्वांना तरी द्यायचा, आणि यातले एकही करायला कोणी नगरसेवक धजावेना. बर्मिंगहॅमने नवी रचना आणली ती थेट 2008 मध्ये. संघटनांचेही हात स्वच्छ नव्हते. मिडल्सबरो इथे जीएमबीने बायकांच्या मागच्या थकबाकीपेक्षा पुरुषांचे पगार वाचवण्याला जास्त महत्त्व दिले, म्हणून संघटनेच्याच सभासद बायकांनी संघटनेवर दावा लावला. 2008 मध्ये अपील न्यायालयात त्या जिंकल्या.

मग कोर्टकचेऱ्यांची रांग लागली. 2010 मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने बर्मिंगहॅमच्या हजारो बायकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायाधिकरणात दावा लावायला नोकरी सुटल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, त्यामुळे आधीच निवृत्त झालेल्या बाहेर राहिल्या. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की त्या सहा वर्षांच्या मुदतीत दिवाणी न्यायालयात जाऊ शकतात. त्या एका निकालाने देशातल्या प्रत्येक कौन्सिलच्या जुन्या कपाटांना पाय फुटले. भरपाईसाठी बर्मिंगहॅमने 2015 मध्ये आपले नावाजलेले प्रदर्शन केंद्र, एनईसी, 30 कोटी 70 लाख पौंडांना विकले. सारे मिळून पुढच्या काही वर्षांत जवळपास 110 कोटी पौंड या दाव्यांवर गेले.

इतके झाल्यावर कोणीही शहाणे होईल असे वाटते. पण मला खरा धक्का बसला तो यापुढचा भाग वाचून.

2017 च्या उन्हाळ्यात कौन्सिलने कचरागाडीवरचे एक वरच्या श्रेणीचे पद रद्द करायचे ठरवले आणि युनाइटने संप पुकारला. शहरात कचऱ्याचे ढीग साचले. ऑगस्टमध्ये कौन्सिलच्या नेत्याने संघटनेला पद राखण्याचा शब्द दिला. अधिकाऱ्यांनी हात वर केले. असा शब्द द्यायचा अधिकार नेत्याला नाही आणि त्यातून समान वेतनाचे नवे दावे उभे राहतील, असे त्यांचे म्हणणे होते. शब्द फिरवला गेला, संप पुन्हा पेटला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबरमध्ये नेत्याने राजीनामा दिला. नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. गाडीच्या मागच्या बाजूला कचरा-पुनर्वापर अधिकारी असे नवे नाव घेऊन तीच श्रेणी परत आली. बहुतेक पुरुषांच्या गाडीवर वरची श्रेणी, आणि तेवढ्याच गुणांच्या बायकांना नाही. भरीला ‘काम उरकले की घरी’ ही जुनी सवलत होतीच. फेरी लवकर संपली तर पूर्ण दिवसाचा पगार घेऊन मोकळे व्हायचे. वृद्धांच्या घरी जाणारीला असे लवकर सुटता येत नाही. प्रत्येक महिन्याच्या पगारपत्रकागणिक दायित्व वाढत राहिले.

जून 2023 मध्ये कौन्सिलने आकडा जाहीर केला तेव्हा तो 65 ते 76 कोटी पौंड होता आणि महिन्याला 50 लाख ते 1 कोटी 40 लाख पौंडांनी वाढत होता. वरचा आकडा आपल्या हिशेबात जवळपास 8 हजार कोटी रुपये. हा अंदाज फुगवलेला होता, अशी टीका नंतर बऱ्याच जाणकारांनी केली आणि ती मला पटते. 2024 च्या अखेरीस जीएमबी आणि युनिसनशी तडजोडीची चौकट ठरली. तरी अंदाज जाहीर होताच गाडा घसरला होता. त्याच सुमारास आणखी एक गंमत झाली. हिशेब आणि पगारपत्रक यांसाठी एप्रिल 2022 मध्ये सुरू केलेली ओरॅकलची संगणकप्रणाली चालेना. सुरुवातीला 2 कोटी पौंडांच्या आत बसेल असे म्हटलेले काम 10 कोटींच्या पुढे गेले. तयार प्रणालीनुसार आपली रीत बदलण्याऐवजी रीत तशीच ठेवून प्रणालीच वाकवायचा हट्ट धरला, हे त्यामागचे मोठे कारण. किती पैसे आहेत हेच कळेना, अशा स्थितीत कलम 114 ची नोटीस निघाली. ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने मॅक्स कॉलर यांच्या नेतृत्वाखाली आयुक्तांचे पथक पाठवले. पुढच्या वर्षी घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स सुमारे 10 टक्क्यांनी वाढला आणि 2025 मध्ये आणखी साडेसात. युवक केंद्रे, ग्रंथालये, कलासंस्थांची अनुदाने यांवर कुऱ्हाड चालली. ज्या बायकांच्या हक्कासाठी हे सारे झाले, त्यांच्याच नातवंडांचे युवक केंद्र बंद होणार असेल तर तो न्याय कसला, असा प्रश्न इथे उघड विचारला जातो. माझे उत्तर असे की बायकांनी कोणाचे काही नेलेले नाही. त्यांच्या खिशातून कौन्सिलने वीस वर्षे जे उसने घेतले ते परत केले, एवढेच.

आयुक्तांच्या देखरेखीखाली कौन्सिलने ते वादग्रस्त पद अखेर रद्द केले. आता पुरुषांनी संप केला. 11 मार्च 2025 पासून युनाइटच्या सभासदांनी बेमुदत काम थांबवले आणि महिनाअखेरीस कौन्सिलने आणीबाणीची घोषणा केली, कारण रस्त्यावर सुमारे 17 हजार टन कचरा पडला होता. संघटनेचे म्हणणे, 170 कामगारांचे वर्षाला 8 हजार पौंडांपर्यंत नुकसान होते. कौन्सिलचे म्हणणे, जास्तीत जास्त तोटा फक्त 17 जणांना आणि तोही 6 हजारांच्या आसपास. उन्हाळा सरला, पानगळ झाली, तरी संप मिटला नाही. कायदा समानता मागतो. बायकांना वर न्या की पुरुषांना खाली आणा, हे तो सांगत नाही. निवडणुकीत मते मागणाऱ्याला खाली आणणे परवडत नाही आणि तिजोरीला वर नेणे.

ग्लासगोची कथा याहून लवकर सुटली, पण कमी महाग नव्हती. ऑक्टोबर 2018 मध्ये तिथल्या आठ हजारांहून जास्त बायकांनी दोन दिवसांचा संप केला आणि कचरा कामगारांनी त्यांची रांग ओलांडायला नकार दिला. 2019 च्या सुरुवातीला सुमारे 54 कोटी 80 लाख पौंडांवर समेट झाला. कौन्सिलने आपल्या इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या.

या सगळ्यात एचआरचा प्रमुख कुठे होता, असे वाचक विचारतील. तो सभेला बसलेला होता, धोका लिहून देत होता, आणि त्याचे कागद फायलीत जात होते. त्याच्याजवळ नाही म्हणण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. इंग्लंडच्या कायद्याने प्रत्येक कौन्सिलमध्ये तीन अधिकारी सक्तीचे आहेत: सेवकवर्गाचा प्रमुख, जो बहुधा मुख्य कार्यकारी अधिकारीच असतो, हिशेबाचा जबाबदार अधिकारी, ज्याला नोटीस काढून नवा खर्च थांबवता येतो, आणि कायदेशीरपणावर नजर ठेवणारा अधिकारी, जो बेकायदा ठरावाची तक्रार थेट सभागृहापुढे मांडू शकतो. मनुष्यबळ प्रमुख त्यांत नाही. 2011 च्या कायद्याने दरवर्षी पगारधोरणाचे निवेदन सभागृहापुढे यावे लागते, पण त्याचा रोख मुख्यतः बड्या अधिकाऱ्यांच्या पगारावर असतो. कचरागाडीवरच्या एका पदाची श्रेणी कोणाच्या शब्दाखातर परत आली, ते त्यात दिसत नाही. 2017 मध्ये संपाच्या ऐन भरात नाही म्हणण्याचा अधिकार एचआरच्या प्रमुखाकडे असता, तर शहराला निदान आधी जाहीर सूचना मिळाली असती. सर्व जबाबदारी त्याची आणि अडवण्याचा अधिकार मात्र त्याला नाही, ही रचना चुकीची आहे. तीन सक्तीच्या पदांत चौथे पद घालावे, आणि समान वेतनाला धक्का लावणारा प्रत्येक करार त्याच्या लेखी मतासह सभागृहापुढे आणावा.