तंत्र घ्यावे, चित्र नव्हे

चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश साधून खऱ्या दृश्याचा भास उभा करत. या प्रकाराला टेबल-टॉप छायाचित्रण म्हणतात. आज पांझरा नदीकाठच्या पिंपळनेरमधल्या एखाद्या होतकरू छायाचित्रकाराने हेच तंत्र वापरले, तर ती चोरी ठरत नाही. कॉपीराइटच्या दृष्टीने तंत्र, विषय आणि कल्पना यांवर कुणाचीच मालकी नसते. कायदा जपतो ती कल्पनेची प्रत्यक्ष मांडणी. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली हाच भेद स्पष्ट केला. म्हणून तीच रचना, तोच कोन, तीच छाया हुबेहूब उचलून खाली स्वतःचे नाव घातले, की मर्यादा ओलांडली जाते.

‘सगळेच नकलेतून शिकतात,’ असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे, आणि स्वतःच्या अभ्यासासाठी केलेल्या वापराला कॉपीराइट कायदा, 1957 मुभाही देतो. पण सराव वेगळा आणि तो आपली निर्मिती म्हणून जगापुढे ठेवणे वेगळे. मेरी एलन मार्क यांनी मुंबईच्या फॉकलंड रोडवर टिपलेल्या छायाचित्रातली एक स्त्री सौविद दत्ता यांनी आपल्या कोलकात्याच्या छायाचित्रात जोडल्याचे 2017 साली उघड झाले. त्यांनी ते कबूलही केले. तिथे प्रश्न प्रेरणेचा उरलाच नव्हता. ‘मूळ छायाचित्रकाराचे नाव दिले की झाले,’ हा समजही अपुरा आहे. श्रेय देणे हा प्रामाणिकपणा आहे. परवानगी मात्र वेगळी घ्यावी लागते. थोरांकडून पाहण्याची दृष्टी जरूर घ्यावी, पण त्या दृष्टीने पाहायचे ते आपल्या पांझरेकाठचे जग.