पॅचला खेळ दिसत नाही

पोकेमॉन फायररेड हा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा खेळ २००४ सालचा. चाहत्यांनी त्यावरूनच ‘अनबाउंड’, ‘रॅडिकल रेड’ असे नवे खेळ उभे केले. पण चाहते इतरांना देतात ती फक्त बदलांची फाइल, म्हणजे पॅच. मूळ खेळ ज्याचा त्याने आणायचा. साधा पॅच काही केबींचाच. वांगणीच्या डोंगरात रेंज रुसली असली तरी उतरेल!

त्यात असतं तरी काय? जुन्या आयपीएस पद्धतीचा पॅच उघडा. सुरुवातीला पी-ए-टी-सी-एच. मग तीन बाइटांत जागेचा क्रमांक, दोन बाइटांत लांबी, आणि तिथे लिहायचा मजकूर. पुन्हा जागा, पुन्हा लांबी... शेवटी ई-ओ-एफ. बस्स! खेळाचं नाव नाही, आवृत्ती नाही. लग्नाचा फोटो पुढे केलात तरी त्यात निमूटपणे बाइट कोंबले जातील.

आणखी गंमत बघा. ई-ओ-एफ ही अक्षरं आकडा म्हणून वाचली तर होतात ४५,४२,२७८. एखादा बदल नेमका त्याच जागेपासून सुरू होत असेल तर? प्रोग्रॅमला वाटेल, पॅच संपला! म्हणून पॅच बनवणारी शहाणी साधनं तिथे एक बाइट अलीकडूनच सुरुवात करतात.

पॅच असा आंधळा, तेव्हा मूळ फाइल बाइटन् बाइट तीच हवी. इंग्रजी फायररेडच्या १.० आणि १.१ अशा दोन आवृत्त्या आहेत. खेळताना फरक जाणवत नाही, आत मात्र मजकूर सरकलेला. १.० चा पॅच १.१ वर बिनतक्रार लागतो, आणि मग काळा पडदा! सुपर निन्टेन्डोच्या काही फाइलींना तर कॉपी करणाऱ्या यंत्राने पुढे ५१२ बाइट चिकटवलेले असतात. तेवढ्याने सगळे पत्ते चुकतात.

मग ओळखायचं कसं? नावावर जाऊ नका, ते कोणीही बदलतं. आपल्या आधार क्रमांकाचंच बघा. त्या क्रमांकाचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. एक आकडा चुकला की हिशेब जुळत नाही. फाइलीसाठी हेच काम सीआरसी३२ करतं. फायररेड १.० च्या १,६७,७७,२१६ बाइटांचं सार आठ चिन्हांत: डीडी८८७६१सी. त्यातला एक बिट जरी उलटा झाला तरी ही खूण बदलणारच.

नव्या बीपीएस पॅचच्या शेवटच्या बारा बाइटांत अशा तीन खुणा असतात: मूळ फाइलची, स्वतःची आणि अजून जन्माला न आलेल्या नव्या खेळाचीसुद्धा! भलती फाइल दिलीत तर तो आधीच नाही म्हणतो.