पापणी लवते तेव्हा

फोटोंचा सिनेमा

क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ला जते’ (१९६२) हा जेमतेम २८ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट. श्रेयनामावलीत त्याला ‘फोटो-कादंबरी’ म्हटलं आहे, कारण एक जागा सोडली तर तो सगळा स्थिर छायाचित्रांचा आहे. पॅरिसच्या ओर्ली विमानतळाच्या गच्चीवर एका मुलाने लहानपणी एका बाईचा चेहरा पाहिलेला असतो. पुढे तिसऱ्या महायुद्धात शहर बेचिराख होतं. तळघरात उरलेले लोक कैद्यांना भूतकाळात पाठवू पाहतात. बाकीचे कैदी मरतात नाहीतर वेडे होतात. मोठेपणी कैदी झालेला तो मुलगा मात्र टिकतो, कारण तो चेहरा त्याच्या मनात घट्ट रुतलेला आहे.

मधली जागा

फोटोला आधीचा आणि नंतरचा क्षण नसतो. आठवणीचंही तसंच. गेलेली आजी आठवते ती सलग चालता-बोलताना नाही. पदर सावरतानाची एक छबी, मग चुलीपाशी वाकलेली दुसरी. मधलं सगळं आपण भरतो, आणि भरताना आपलंच काहीतरी त्यात ओततो. मार्करच्या फोटोंत जीव गुंततो तो यामुळे. चित्र थांबलेलं असलं तरी निवेदन, कुजबुज, हृदयाचे ठोके चालूच राहतात. काळ पुढे सरकतोय हे कानांना कळत असतं.

हालचाल येते कुठून

सिनेमाची रीळ म्हणजेही स्थिर चित्रांची माळच, सेकंदाला २४. मूळचे छायाचित्रकार असलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चित्र टिपत पडद्यावर आणली होती. त्यांनी स्थिर चित्रांना गती दिली. मार्करने गती काढून घेतली.

ते काही सेकंद

एके ठिकाणी मात्र त्याने ती परत दिली. बाई झोपली आहे. एक फोटो हळूहळू दुसऱ्यात विरघळतो, कूस बदललेली दिसते, पाखरांचा किलबिलाट वाढत जातो. आणि ती डोळे उघडते. पापणी खरोखर लवते.

इतका वेळ ती त्या कैद्याची आठवण होती. आता ती आपल्याकडे बघते आहे. सिनेमात इतकं हळवं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. एरवी पापणी लवणं कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे ते पाहताना श्वास अडकतो, कारण त्याआधीची सगळी मिनिटं आपण नकळत त्याचीच वाट पाहत असतो.

पुढच्याच चित्रात कैद्यांवर प्रयोग करणाऱ्याचा चेहरा येतो, आणि सगळं पुन्हा थबकतं.