कात्रीचं दुसरं काम

अल्झायमरच्या संशोधनात 1987 हे मोठं वर्ष. मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनातून सुटतं, त्या एपीपीचं जनुक चार गटांनी जवळपास एकाच वेळी शोधून काढलं. त्यांतल्या एका गटाचे प्रमुख होते न्यूयॉर्कमधले निकोलाओस रोबाकिस. जनुक निघालं एकविसाव्या गुणसूत्रावर. डाउन सिंड्रोममध्ये हेच गुणसूत्र जादा असतं, आणि त्या रुग्णांच्या मेंदूत चाळिशीतच अमायलॉइड का साचतं, ते त्यातून कळलं. पुढे 1992 मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी अमायलॉइड हेच रोगाचं मूळ असल्याचं मांडलं आणि बहुतेक सगळे त्या वाटेने निघाले.

1995 मध्ये प्रेझेनिलिन-1 सापडलं. या जनुकात दोष असलेल्या घराण्यांत हा आजार चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. एपीपीला शेवटचा छेद देणारी कात्री, म्हणजे गॅमा-सिक्रिटेज, तिचं पातं म्हणजे या जनुकाचंच प्रथिन असल्याचं लवकरच ठरलं. मग काय, कात्री बंद पाडा, अमायलॉइड थांबेल!

माउंट सायनाई वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या रोबाकिस यांनी मात्र वेगळं विचारलं: निरोगी पेशीत हे प्रथिन करतं तरी काय? माझ्या मते त्यांचं खरं योगदान 1987 च्या शोधाहून या प्रश्नात अधिक आहे. 1999 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की प्रेझेनिलिन कॅडहेरिनला बिलगून असतं. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी शोधलेली ही कॅडहेरिनं कॅल्शियमच्या बळावर शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवतात. 2002 मध्ये दिसलं, की ही कात्री ई-कॅडहेरिनही कापते आणि पेशींमधली पकड सुटते. 2003 चा निष्कर्ष त्याहून अडचणीचा होता. चेतापेशींतल्या एन-कॅडहेरिनचा कापलेला तुकडा जनुकांच्या कामावर लगाम ठेवतो, आणि घराण्यात चालत येणाऱ्या अल्झायमरमधले प्रेझेनिलिनचे दोष हा छेदच होऊ देत नाहीत. म्हणजे दोषामुळे अमायलॉइड वाढतं एवढंच नव्हे, कात्रीचं नेहमीचं कामही अडतं.

औषधनिर्मितीने याकडे फारसं लक्ष दिलं नाही. कात्री रोखणाऱ्या सेमागासेस्टॅटच्या मोठ्या चाचण्या एली लिली कंपनीला 2010 मध्ये थांबवाव्या लागल्या. रुग्णांची स्थिती सुधारण्याऐवजी ढासळली, त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाणही वाढलं. ही कात्री नॉचसारखी इतरही अनेक प्रथिनं कापते, त्यामुळे सगळा दोष कॅडहेरिनच्या माथी मारता येणार नाही. पण इशारा आधीच मिळालेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

अमायलॉइडवाल्यांची बाजूही पडलेली नाही. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅबने दीड वर्षाच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग 27 टक्क्यांनी कमी केला आणि 2023 मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. गॅमा-सिक्रिटेज रोखणारं एक औषधही तिथे त्याच वर्षी मान्य झालं. ते डेस्मॉइड गाठींसाठी आहे; अल्झायमरसाठी त्या जातीचं एकही औषध आजवर मान्यतेपर्यंत पोचलेलं नाही.